नांदुऱ्याच्या खाडीवाल्या बाई

मंदाताई पाणी प्यायच्या आधी पेला त्याच पाण्यानं तीनदा विसळायच्या. पेला नुकताच घासून पालथा घातलेला असला तरीही. थोडंसं पाणी घ्यायचं, पेला तिरका धरून गोल फिरवायचा, ओतून द्यायचं. तिसऱ्यांदा ओतून झालं की मग भरायचा आणि प्यायचा. नांदुऱ्यात उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे हे ओतून देणं गल्लीच्या डोळ्यावर आलंच. "आपल्या पेल्याले काय घाण लागली हाय म्हणते का हे बाई?" असं बायका मला विचारायच्या, कारण आमची आणि मंदाताईंची भिंत एक.

मलाही आधी तो सोवळेपणाच वाटला होता. खरी गोष्ट पुढे त्यांनीच सांगितली. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा तर ती आधी त्याच पाण्यानं विसळायची, म्हणजे तिच्यात दुसरं काही उरत नाही. अर्धं आयुष्य त्यांनी हेच केलं होतं, आणि बाटल्या सुटल्या तरी हाताची सवय सुटली नव्हती. बांगड्यांचंही तसंच. कानात, गळ्यात, हातात धातूचा एक कण नाही. बायकांनी त्यावरून नाही नाही ते तर्क केले. खरं कारण इतकंच होतं, की पाण्यातलं तांबं आणि शिसं मोजायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या अंगावरचा धातू त्या पाण्यात सांडायचा नसतो.

त्या मूळच्या अमडापूरच्या, जवंजाळांच्या. वडील वांगी-मिरच्या लावायचे आणि बाजाराला न्यायचे. मुलगी रसायनशास्त्र शिकली, डॉक्टरेट झाली आणि कोकणात एका संस्थेत नोकरीला लागली. तिथं नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी एक मोठी खाडी आहे. नदीच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारे कारखाने. त्यांचं पाणी नदीतून खाडीत उतरतं. मंदाताईंचं काम एकच: त्या खाडीत ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा जायचं, पाणी घ्यायचं, गाळ घ्यायचा, खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, घ्यायची, आणि त्यांत किती तांबं, किती शिसं, किती जस्त आहे ते पाहायचं. दर ऋतूत तेच. वर्षानुवर्षं तेच. आजूबाजूचे लोक लग्नं करत होते, घरं बांधत होते, बदल्या घेऊन जात होते. या मात्र होडीत. तिकडं लोक त्यांना खाडीवाल्या बाईच म्हणायचे.

"कंटाळा नाही आला?" मी एकदा विचारलं.

त्यांची उत्तर द्यायची एक तऱ्हा होती. प्रश्न विचारला की त्या लगेच बोलायच्या नाहीत. ऐकू आलं की नाही असं वाटावं इतका वेळ जाऊ द्यायच्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "एकदा पाहिलेलं मी पाहिलेलं धरतच नाही. आज पाणी कसं आहे हे कोणीही सांगेल. ते सुधारतंय का बिघडतंय, हे सांगायला कोणीतरी तिथं राहावं लागतं."

तेच त्यांना जमलं नाही. त्यांना नांदुऱ्यात राहावं लागलं.

वडील गेल्यावर त्यांच्या आई धाकट्या मुलाला, दिनूला घेऊन नांदुऱ्याला मामांच्या आधारानं राहायला आल्या होत्या. मामा गेले, मग आईही गेल्या. मंदाताई आईच्या दिवसांना आल्या त्या एका लहान बॅगेनिशी. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि बॅग तशीच राहिली. कारण दिनू.

दिनू तेव्हा चाळिशी ओलांडलेला, थोराड, दाढीत पांढरे केस आलेला माणूस. समज लहान लेकराची. बोलायचे शब्द चार-पाचच. "मंदी" हा एक. "घरी" हा दुसरा. घरी म्हणजे अमडापूर. आई दिसेनाशी झाल्यापासून मंदाताई नजरेआड झाल्या की तो घाबरायचा, आणि घाबरला की भिंतीवर डोकं आपटायचा. माझ्याजवळ तो थोडा वेळ बसे. तेवढ्या वेळात मंदाताई बाजारहाट उरकून येत. त्याहून जास्त वेळ गेला की त्याला आवरणं मला आणि आमच्या यांनाही जमत नसे. एका आश्रमात ठेवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिथून फोन आला की हा अन्नाला शिवत नाही, घेऊन जा. मंदाताई गेल्या आणि घेऊन आल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. आधी रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली, मग एके दिवशी त्यांनी राजीनामा पाठवला. पाठवला त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

माझ्याशी त्या बोलत ते शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध. मी जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं, त्याचाही तो मान असेल. दिनूशी बोलताना मात्र अमडापूर जसंच्या तसं बाहेर यायचं. "कायले रडतं रे? मी काय पयून जाऊन राह्यली का? बस अठी. खाय." एकाच तोंडातून ही दोन माणसं कशी बोलतात याचं मला नवल वाटे.

गल्लीशी त्यांचा पहिला सामना पाण्यावरूनच झाला. आमच्या भागात बोअरचं पाणी खारं. बायका नळावर त्याचीच तक्रार करत होत्या. मंदाताईंनी चूळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि विचारलं, "मागच्या उन्हाळ्यात याच्याहून कमी खारं होतं का जास्त?"

"खारं ते खारंच राह्यते न बाई," एकीनं सांगितलं. "त्यात कमी-जास्त काय पाहायचं?"

"पण वाढत असलं तर?"

सगळ्या हसल्या. मंदाताईही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी बोअरचं पाणी चाखू लागल्या आणि महिन्याभरानं मला म्हणाल्या, "वहिनी, वाढतंय." पुढे जिल्ह्याला नमुना धाडून त्यांनी ते तपासूनही घेतलं, आणि आमच्या घरात प्यायचं पाणी वेगळं आणायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. खाडी नसली तर नसली, त्यांना राखण करायला काहीतरी हवं होतं असं मला वाटतं.

अशी काही वर्षं गेली. खाडीचं काम संस्थेत त्यांचा जुना विद्यार्थी समीर पाहत होता. तो मधूनमधून फोन करी, आकडे कळवी, काही अडलं तर विचारी. फोन आला की मंदाताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहत आणि डोळे मिटून ऐकत.

त्या दिवशी मी तिथंच होते. दिनूला भरवायचं चाललं होतं म्हणून फोन स्पीकरवर होता. समीरचा आवाज आनंदानं भरलेला.

"मॅडम, पेढे द्यायला पाहिजेत. तुमची खाडी स्वच्छ झाली! तांबं, शिसं, सगळंच एकदम खाली आलंय. अहवाल वर गेला. आता हे मोजणं बंद केलं तरी चालेल असं म्हणतायत."

मला वाटलं, बाईंच्या जन्माचं सार्थक झालं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला होता.

"पाणी कोणत्या दिवशी घेतलं?"

समीरनं तारखा सांगितल्या. मंदाताई उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, पानं उलटून तिथी पाहिल्या.

"ही पौर्णिमा आहे. ही अमावास्या. किती वाजता गेला होतात?"

"दुपारी बाराच्या सुमाराला."

"समीर, पौर्णिमेला दुपारी बाराला आपल्या खाडीत काय असतं?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "भरती."

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं आणि खाडी त्यानंच भरलेली असते. तेव्हा बाटली बुडवली तर ती समुद्राचंच पाणी मोजते. नदीनं काय आणलंय ते ओहोटीला कळतं, पाणी उतरलं की. त्या इतकी वर्षं ओहोटीलाच जात आल्या होत्या. म्हणजे खाडीत काही सुधारलं नव्हतं, बाटली भरायची वेळ तेवढी बदलली होती.

"पण मॅडम, मी करू काय?" फोनवर समीर सांगत होता. "जुनी होडी गेली. आता मोठी बोट मिळते, ती गाळामुळे ओहोटीला आत शिरतच नाही. आणि अहवाल गेलाय. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. माझं एकट्याचं कोण ऐकणार? तुम्ही स्वतः या. तुम्ही आलात तर ऐकतील."

"बघते," मंदाताई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

दिनू उरलेल्या घासासाठी तोंड उघडून बसला होता. त्यांनी तो भरवला. मग मला म्हणाल्या, "त्या खाडीतली कालवं माणसं रोज खातात, वहिनी. लेकरंसुद्धा. मोजणं बंद झालं तर पुन्हा कोणी पाहणार नाही."

दिनूला सोडून जाता येत नव्हतं, म्हणून दिनूला घेऊन जायचं ठरलं. आगगाडीच्या गर्दीत तो बिथरेल म्हणून ओळखीच्या ड्रायव्हरची जीप ठरवली. सोबतीला मी आणि आमचे हे. दोन दिवस हळूहळू जायचं, वाटेत मुक्काम करायचा, असा बेत. मंदाताईंनी कपाटातून जाड सोलच्या चपला काढल्या, टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांना इतक्या भराभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

सकाळी निघालो. खामगावपर्यंत दिनू खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पीत होता. खामगाव मागे पडलं आणि चिखलीच्या रस्त्याला लागलो तसा तो एकदम ताठ बसला. अमडापूर जवळ आलं. त्या रस्त्यानं आम्ही जाणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांनी याच्या ध्यानात काय राहिलं असेल, असं धरून चाललो होतो.

"घरी!" तो ओरडला. टाळ्या वाजवायला लागला. "घरी! मंदी, घरी!"

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "थांबू का ताई?"

मंदाताईंनी नेहमीसारखा वेळ घेतला. तेवढ्यात गावचा फाटा आला. "नका थांबू," त्या म्हणाल्या. "चला."

दिनू मागच्या काचेला तोंड लावून पाहत राहिला. त्याला आधी वाटलं असावं की जीप वळेल. ती वळत नाही हे कळल्यावर तो रडला नाही. नुसता पाहत राहिला. चिखली गेली. मग त्यानं "आई" म्हणायला सुरुवात केली. हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मंदाताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "आपून समुद्र पाहाले जाऊन राह्यलो, हाव का नाही? मोठ्ठं पाणी हाय तिथं," असं सांगत होत्या. त्यानं त्यांचा हात झटकला. देऊळगाव राजा येईपर्यंत तो समोरच्या सीटवर डोकं आपटू लागला होता.

बसस्टँडजवळ गर्दीनं जीप सावकाश झाली आणि दिनूनं दार उघडलं. उडी मारून तो सरळ रस्त्यात धावला. जालन्याची बस स्टँडातून बाहेर पडत होती. तिचा ब्रेक असा किंचाळला की माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा दिनू बसच्या तोंडाशी रस्त्यावर मांडी घालून बसला होता, आणि बसचा ड्रायव्हर वरून शिव्या देत होता.

मंदाताई धावल्या. त्याला ओढायला लागतील असं मला वाटलं. त्या त्याच्या शेजारी डांबरावर बसल्या.

माणसं जमली. "बाई, उठवा की त्याला, गाड्या यायलेत," कोणीतरी म्हणालं. "वेडा हाये का वो?" दुसऱ्यानं विचारलं.

"वेडा नाही," मंदाताई म्हणाल्या. "त्याला घरी जायचंय."

बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. बसवाल्यानं बस मागे घेतली आणि बाजूनं काढली. शेवटी त्यांनीच दिनूच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो उठला. जीपमध्ये बसताना मंदाताई आमच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "परत फिरवा. अमडापूरला थांबा."

घर आता दुसऱ्याचं होतं. टिनाचं छप्पर बदललेलं, पुढं मोटारसायकल. दिनू उडी मारून ओट्यावर चढला आणि दारातून आत शिरला. आतून एक तरुण बाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या खोलीत पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. आणि एकदम मागे सरून मंदाताईंच्या पाठीशी लपला. त्या बाईनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली. आम्ही बसलो नाही. दिनू स्वतःहून जीपमध्ये जाऊन बसला होता.

परतीच्या वाटेवर मंदाताई एवढंच बोलल्या. "याचं घर इथं आणि माझं खाडीवर. आम्ही दोघं राहतो तिसऱ्याच गावात."

त्या दिवसानंतर दिनू "घरी" हा शब्द बोलला नाही.

मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. मी त्यांच्याकडे गेले तर फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे सुगंधा होती. सुगंधा खाडीकाठची कालवं काढणारी बाई, मंदाताईंच्या जुन्या होडीवाल्याची बायको. इतकी वर्षं दोघी महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर बोलत. मुलाबाळांचं, पावसाचं, माशांचं.

मंदाताईंचं म्हणणं साधं होतं. पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. भरतीला भरलं तर स्वच्छ, ओहोटीला भरलं तर घाण. पण खडकाला चिकटलेलं कालव कुठं जात नाही. भरती असो ओहोटी असो, ते तेच पाणी गाळत बसतं, आणि पाण्यातला धातू त्याच्या मांसात महिनोन् महिने साठत राहतो. पाणी विसरतं, कालव विसरत नाही. म्हणून सुगंधानं ठरलेल्या त्याच खडकावरची कालवं काढायची, न उघडता बर्फात घालायची आणि संस्थेत नेऊन द्यायची.

सुगंधा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, आणि त्यात विष निघालं तर? आमची कालवं घेणार कोण मग? बाजारात बसून आम्ही विकायचं काय?"

मंदाताईंनी डोळे मिटले.

"तू खरं बोललीस," त्या अखेर म्हणाल्या. "नुकसान तुझंच होईल. माझं काही जाणार नाही, मी इथं लांब बसलेय. तरी सांगते, तुझा नातूही तीच कालवं खातो. तू ठरव. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही."

"सुकती कधी आहे ते मलाच विचाराल आता," सुगंधा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. सुकती म्हणजे ओहोटी. तिच्या बोलण्याचा अर्थ हो की नाही, ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही.

पुढचं समीरकडून कळलं. सुगंधा बर्फाचा डबा घेऊन एस.टी.नं संस्थेत गेली. शिपायानं अडवलं तर त्याला बाजूला सारून थेट समीरच्या टेबलापाशी गेली, डबा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाईंनी मागितलीत. मोजा आणि काय ते खरं सांगा." समीरनं बैठक पुढं ढकलून घेतली आणि कालवं तपासायला लावली.

त्या आठवड्यात मंदाताईंनी दिनूवर दोनदा हात उगारला. मारला नाही. उगारला आणि स्वतःच मागे झाल्या. तो काही वेगळं करत नव्हता. नेहमीसारखा ताट वाजवत होता. एकदा मी गेले तर त्या न्हाणीच्या दाराशी उभ्या होत्या, आत पाणी वाहून चाललेलं, आणि त्यांचं लक्ष नाही. "वहिनी," त्या म्हणाल्या, "मी याच्यावर रोज माया करू शकत नाही. लोकांना वाटतं तसं ते नसतं."

मी नळ बंद केला.

समीरचा फोन आला तेव्हा दुपार होती. "मॅडम, कालवांत तांबं-शिसं जेवढं होतं तेवढंच आहे. खाडी सुधारलेली नाही. मी बैठकीत उभा राहिलो. म्हटलं, पाणी चुकीच्या वेळी घेतलं गेलं आणि चूक माझी आहे. अहवालातलं ते वाक्य काढलंय. मोजणं चालू राहणार. लहान होडीनं, ओहोटीला."

"चांगलं केलंस, बेटा," मंदाताई म्हणाल्या.

मी आनंदानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "कशाचा आनंद, वहिनी? घाण आहे तीच खरी निघाली. माझं म्हणणं खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं."

सुगंधाचं म्हणणंही खरं ठरलं. त्या खाडीतली कालवं खाऊ नयेत असं गावागावांत सांगण्यात आलं आणि बाजारातली गिऱ्हाइकं तुटली. सुगंधाचा फोन यायचा बंद झाला. मंदाताई लावत, ती उचलत नसे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मंदाताई फोन लावत, थोडा वेळ कानाशी धरून ठेवत आणि मग बाजूला ठेवत. चेहऱ्यावर काही दिसू देत नसत.

थंडीत एकदा तिनं आपणहून केला.

"बाई, वाडीतल्या बायका बोलत नाहीत माझ्याशी. म्हणतात, तूच नेलीस कालवं, तूच आमच्या पोटावर पाय दिलास."

"आणि तू? तूही रागावलीस?"

"रागावलेय तर. अजून आहे राग." मग ती म्हणाली, "पण बाटल्या आम्हीच भरतो आता. आमच्याच होडीतून. तीनदा विसळून. घोवाला सांगितलंय, हातातलं कडं काढून ठेव."

मंदाताई हसल्या, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. त्यानंतर वरच्या अंगाच्या दोन कारखान्यांना सांडपाण्याची सोय करायला लावल्याचं समीरनं कळवलं. पाणी कधी सुधारेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. सुगंधानं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला सुरुवात केली, असं नंतर समजलं.

आम्ही नांदुरा सोडलं ते यंदा. यांचे गुडघे गेले, जालन्याला मुलाकडे जायचं ठरलं. सामान आधीच पुढं गेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी मंदाताईंचा निरोप घ्यायला गेले. त्या जणू माझी वाटच पाहत होत्या.

"वहिनी, शेवटचं एक काम करता? दिनूजवळ जरा बसा. मी बाजारातून येते."

पिशवी घेऊन त्या गेल्या. मी आणि दिनू तुरीच्या शेंगा सोलत बसलो. सोलतो ते दाणे तो एकेक करून माझ्या हातावर ठेवत होता. शेंगा संपल्या. नेहमीचा वेळ उलटला. दिनू उठून दारापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. "मंदी?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, येईल हो. मीही उठून रस्त्यावर डोकावून आले. तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. अजून आपटत नव्हता, पण त्याचे खांदे ताठ झाले होते.

तेव्हा त्या आल्या. पिशवी रिकामी. दारातच पायरीवर बसल्या. चेहरा उन्हानं लाल झालेला.

"बाजारात नव्हते गेले," त्या म्हणाल्या. "स्टेशनवर गेले होते. मुंबईची गाडी आली. डबा अगदी समोर येऊन थांबला. मी एक पाय पायरीवर ठेवला, वहिनी. खरंच ठेवला."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"मागून एक बाई म्हणाली, चढा ना हो लवकर, गाडी सुटते. मी बाजूला झाले. तिला चढू दिलं."

"दिनू आठवला असेल," मी म्हटलं.

त्यांनी त्यांचा तो नेहमीचा वेळ घेतला.

"नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? खाडीच डोळ्यापुढे होती. सुगंधा आणि तिचा नवरा होडी काढतायत, समीर काठावर उभा आहे, असं दिसत होतं. आणि मग कळलं की तिथं माझी जागा राहिलेली नाही. तिथं माझ्यावाचून आता नीट चालतं." त्यांनी दिनूकडे पाहिलं. तो भिंतीपासून सुटून त्यांच्याकडे येत होता. "इथं नाही चालत."

त्यानं त्यांचा हात धरून त्यांना ओढलं. त्याची आंघोळ राहिली होती.

आमची गाडी दाराशी आली तेव्हा मी भिंतीवरून डोकावले. अंगणातल्या धोंड्यावर दिनू बसला होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता. मंदाताई पदर खोचून त्याच्या डोक्यावर मगानं पाणी ओतत होत्या. दुसऱ्या हातानं त्याचा खांदा घट्ट धरलेला, ओल्या धोंड्यावरून तो घसरू नये म्हणून. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. निरोपाला हलवायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.